पैसा कुणाचा आणि जाब कुणाला?

लंडन, न्यूयॉर्क किंवा टोरांटोमधल्या ज्यू स्त्रियांनी वर्गणी जमवायची आणि त्या पैशातून हजारो मैलांवरच्या गरीब, पोरक्या किंवा नुकत्याच स्थलांतरित झालेल्या ज्यू मुलामुलींच्या शाळा, वसतिगृहे व कर्मशाळा चालवायच्या, हा क्रम शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यावर वाद पूर्वीही होत असत. ऑक्टोबर २०२३ नंतर ते फार कडवट झाले आणि मराठी समाजमाध्यमांतही त्यांचे पडसाद उमटू लागले. पण वाद घालणाऱ्या बहुतेकांनी निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. ज्याला इस्रायल प्रिय, त्याच्या लेखी या संस्था म्हणजे निखळ वात्सल्य. मुले शिकताहेत ना, मग चौकशा कसल्या? ज्याला इस्रायल अप्रिय, त्याच्या लेखी त्याच संस्था म्हणजे दानाच्या पदराआडून चाललेले राजकारण. तिसरा एक शहाजोग सूर असतो तो असा की, स्वतःच्या शहरात उपाशी मुले असताना परदेशी पैसा पाठवण्याची हौस कशाला? हे तिघेही पैसा कुणाचा आणि मुले कुणाची, एवढ्यावरच भांडतात. माझे म्हणणे असे की, एका समाजाच्या स्त्रियांनी आपल्या समाजाच्या परदेशस्थ मुलांना शिकवणे यात मुळात गैर काही नाही. किंबहुना अनेकदा सरकारी योजनेपेक्षा किंवा एखाद्या धनाढ्याच्या देणगीपेक्षा हे काम अधिक टिकाऊ झालेले दिसते. या संस्थांचा खरा दोष दुसरीकडे आहे. त्यांनी हिशेब नेहमी देणाऱ्यांना दिला. ज्यांची आयुष्ये त्या घडवत होत्या त्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना मात्र फार उशिरा, आणि तोही भांडून घेतल्यावर.

आधी या संस्था उभ्या कशा राहिल्या ते पाहू, कारण वादात नेमके तेच कुणी पाहत नाही. हेन्रिएटा झोल्ड यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये 'हदासा' ही ज्यू स्त्रियांची संस्था स्थापन केली. १९२० च्या जुलैमध्ये लंडनमध्ये रिबेका सीफ, व्हेरा वाइझमन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'विझो' हा स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ काढला. सीफ या 'मार्क्स अँड स्पेन्सर'वाल्या मायकेल मार्क्स यांच्या कन्या. रशियात १८८० साली सुरू झालेल्या 'ओआरटी' या व्यवसायशिक्षणाच्या चळवळीला अमेरिकेत बळ मिळाले ते १९२७ मध्ये ब्रुकलिनमध्ये निघालेल्या तिच्या स्त्रीशाखेमुळे. या स्त्रियांना पुरुषांच्या संघटनांत जागा मिळत होती, पण ती चहा-फराळाच्या समितीत. त्यांनी वेगळे घर थाटले, त्यात स्वाभिमानाचा भाग मोठा होता. कॅनडातल्या स्त्रियांच्या पैशावर १९२० च्या दशकात पॅलेस्टाइनमधल्या नहलाल येथे मुलींची शेतकी शाळा उभी राहिली, तिच्यामागे हाना माइझेल ही स्वतः शेतीशास्त्र शिकलेली बाई होती. मुलींनी स्वयंपाकघर सांभाळावे आणि नांगर मुलांनी धरावा, ही नव्या वसाहतींमधलीही रूढ समजूत होती. त्या समजुतीला तडा देणारी शाळा कुणा सरकारने काढली नाही. पुढे १९४९ च्या पहिल्या क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, विझोच्या स्वतंत्र यादीतून निवडून आलेल्या राहेल कोहेन-कागन या इस्रायलच्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणाऱ्या दोनच स्त्रियांपैकी एक होत्या. दुसऱ्या गोल्डा मायर. म्हणजे ज्यांना आज कुणी 'फावल्या वेळात दानधर्म करणाऱ्या सुखवस्तू बायका' म्हणून उडवून लावतो, त्यांच्या हातात बऱ्यापैकी सार्वजनिक शक्ती होती. ती होती म्हणूनच त्यांच्याकडे हिशेब मागायला हवा.

'घरचे आधी' हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत भाबडा वाटणारा. तरी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९३२ मध्ये बर्लिनच्या रेहा फ्रायर यांच्याकडे काही ज्यू पोरे आली. ज्यू असल्यामुळे त्यांना कामावरून काढले होते आणि पुढे काय करायचे हे त्यांना कळत नव्हते. त्यांना पॅलेस्टाइनमधल्या किबुत्झांत, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींत, पाठवून शेती आणि शिक्षण दोन्ही द्यावे, ही कल्पना फ्रायर यांना सुचली आणि त्यांनी जेरुसलेममध्ये समाजकार्य पाहणाऱ्या झोल्ड यांच्याकडे मदत मागितली. झोल्ड यांनी आधी नकार दिला. तिथे असलेल्याच निराधार मुलांची सोय लागत नव्हती, त्यात जर्मनीची भर कशी घालावी? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी त्यांची अवस्था होती, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर त्यांचा नकार सकारण होता. फ्रायर थांबल्या नाहीत. पहिली छोटी तुकडी त्यांनी त्याच वर्षी पॅलेस्टाइनमधल्या बेन शेमेनला रवाना केली आणि ३० जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे हिटलर चान्सलर झाला त्याच दिवशी, त्यांच्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. 'यूथ अलिया' म्हणून ओळखले गेलेले हे काम त्याच वर्षअखेरीस झोल्ड यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या.

इथे पैशाचे महत्त्व काय होते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पॅलेस्टाइनमधले ब्रिटिश प्रशासन प्रवेशाचे परवाने मोजून-मापून देत असे. पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मात्र वेगळी वाट होती: त्या मुलाच्या दोन वर्षांच्या निर्वाहाची आणि शिक्षणाची हमी कुणी दिली, तर परवाना मिळू शकत असे. याचा अर्थ अगदी रोकडा होता. अमेरिकेतल्या एखाद्या गावी हदासाच्या शाखेने भरवलेल्या विक्रीतून जमलेली रक्कम म्हणजे बर्लिनमधल्या एका मुलाची सुटका. १९३५ पासून हदासा ही या कामाची अमेरिकेतली पालक झाली आणि महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे ५,००० मुले या वाटेने बाहेर पडली. त्यातल्या कितीतरी जणांचे आईबाप मागे राहिले ते कायमचे. अमेरिका तेव्हा महामंदीत होती आणि त्या गावांतही गरीब मुले होती, हे खरेच आहे. पण 'घरचे आधी' म्हणणारा एक गोष्ट गृहीत धरतो की सगळ्या गरजा रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत उभ्या आहेत आणि पुढचा नंबर झाल्याशिवाय मागच्याला हात लावता येणार नाही. काही गरजा उद्याही भागवता येतात. काहींना उद्या नसतो. १९३५ च्या बाल्टिमोरमधल्या मुलाची शाळेची फी पुढच्या वर्षी भरता आली असती. लायप्झिगमधल्या मुलाच्या बाबतीत पुढचे वर्ष हीच अडचण होती. शिवाय दूरच्याला देणारा जवळच्याला विसरतो, हा समज तरी कुठून आला? ज्या झोल्ड यांनी यूथ अलिया चालवली, त्यांनीच १८८९ साली बाल्टिमोरमध्ये नव्याने आलेल्या रशियन निर्वासितांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. जो बाहेर देत नाही तो घरात देतोच, असे निदान माझ्या पाहण्यात तरी नाही.

आता दुसऱ्या, अधिक गंभीर आक्षेपाकडे वळू. या संस्था फक्त ज्यूंसाठी होत्या, आणि त्यांचे शिक्षण एका राष्ट्राच्या उभारणीला जुंपलेले होते. हे दोन्ही खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. यूथ अलियाच्या मुलाला अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस शेत असे दोन वर्षांचे वेळापत्रक होते. त्यातून घडवायचा होता तो नव्या भूमीत नांगर धरणारा हिब्रूभाषक तरुण. त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्या अरब मुलांचा या नकाशात विचार नव्हता. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले, त्यांच्या मुलांच्या शाळा १९५० पासून संयुक्त राष्ट्रांच्या वेगळ्या संस्थेने चालवल्या, आणि परदेशस्थ ज्यू स्त्रियांच्या वर्गणीतले त्यांच्या वाट्याला काही आले नाही. झोल्ड स्वतः ज्यू आणि अरब यांच्या संयुक्त राज्याच्या बाजूच्या होत्या, १९४२ मध्ये त्या याच मताच्या 'इहुद' गटात सामील झाल्या. पण त्यांचे मत त्यांच्या संस्थेचे धोरण बनले नाही. संस्थापकाचे मन मोठे असल्याने संस्थेची दारे आपोआप रुंद होत नाहीत.

तरीही 'फक्त आपल्यांसाठी' हा दोष मानायचा असेल, तर आपल्याला आपलाच इतिहास पुसून टाकावा लागेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी समाजवार वसतिगृहे उभारली ती काय संकुचित मनाने? ज्याच्याशी आपला दुवा आहे त्याच्यासाठी माणूस आधी खिशात हात घालतो, आणि शिक्षणाच्या बाबतीत अशा दुव्यांशिवाय पहिली वीट क्वचितच रचली गेली आहे. प्रश्न असतो तो पुढचा: आपल्यांसाठी बांधलेल्या घराचे दार पुढे उघडते की बंद राहते? याचे एक उदाहरण खुद्द मुंबईत आहे. कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजासाठी हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली शाळा काढली. तिथे हिब्रूबरोबर मराठीही शिकवली जाई आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य तिला मिळत असे. म्हणजे परदेशी ज्यू पैशावर इथली गरीब मुले शिकत होती. पुढे एली कदूरी यांच्या देणगीमुळे ती त्यांच्या नावाची झाली. आज माझगावातल्या त्या शाळेत बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. फाटकावर ज्यू दात्याचे नाव आणि वर्गात मोहल्ल्यातली मुले, हे दृश्य दोन्ही छावण्यांच्या युक्तिवादात बसत नाही. अर्थात हे घडले ते समाजाने इस्रायलला स्थलांतर केल्यामुळे, कुणी उदारमतवादाचा ठराव केल्यामुळे नव्हे, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

मात्र एका ठिकाणी मी टीकाकारांच्या बाजूने आहे. खाजगी वर्गणी आपल्यांपुरती ठेवण्याचा हक्क देणाऱ्याला आहे. पण त्या संस्थेला सरकारी अनुदान मिळू लागले, सरकारी धोरणात तिचे काम गुंफले गेले, की तो हक्क संपतो. विझोची इस्रायलमधली पाळणाघरे, शाळा आणि युवाग्रामे (मुलांनी राहून शिकायच्या वसाहती) यांत सरकारी पैसाही आहे. अशा ठिकाणी त्या देशाचा प्रत्येक नागरिक, हैफाचा ज्यू असो की नाझरेथचा अरब, सारखाच दावेदार ठरतो, आणि देणगीदारांची भावना त्या दाव्याच्या आड येऊ देता येत नाही. इस्रायलच्या बाजूने बोलणारे इथे गप्प बसतात, आणि विरोधक मात्र हा नेमका प्रश्न सोडून 'सगळे बंद करा' म्हणतात. बंद केल्याने नाझरेथच्या मुलाला काय मिळणार?

सर्वांत जड आरोप अजून बाकी आहे. तो राजकारणाचा नसून मुलांच्या ताटातुटीचा आहे. १९४८ नंतरच्या वर्षांत येमेनहून आणि इतर अरब देशांतून आलेली कुटुंबे तंबूंच्या छावण्यांत राहत होती. आजारी किंवा अशक्त म्हणून तान्ही मुले छावणीतून बालगृहांत आणि इस्पितळांत हलवली गेली आणि कित्येक आईबापांना काही दिवसांनी नुसते सांगण्यात आले की तुमचे मूल गेले. प्रेत दाखवले नाही, थडगे दाखवले नाही. कुटुंबांच्या साक्षींत ज्या संस्थांची नावे आली त्यांत विझोची बालगृहेही होती. इस्रायल सरकारने या प्रकरणी तीन वेळा चौकशी बसवली; २००१ मध्ये अहवाल देणाऱ्या शेवटच्या आयोगाने बहुतेक मुले मरण पावली असा निष्कर्ष काढला, संघटित अपहरणाचा आरोप फेटाळला, पण काही मुले समाजसेवकांनी परस्पर दत्तक दिली असण्याची शक्यता मान्य केली आणि कित्येक डझन मुलांचे काय झाले ते उलगडले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने खेद व्यक्त करून भरपाई देऊ केली. कुटुंबांच्या अनेक संघटनांना खेद नको होता, कबुली हवी होती. मी यातून विझोवर गुन्ह्याचा शिक्का मारत नाही, तो मारण्याइतका पुरावा आयोगांनाही सापडला नाही. पण एवढे निश्चित सांगता येते की ज्या व्यवस्थेत आईला आपल्या मुलाची नोंद पाहायला मिळत नव्हती, त्या व्यवस्थेत लंडनच्या देणगीदाराला वार्षिक अहवाल मात्र मिळत होता.

हीच खोट पुढेही वेगवेगळ्या रूपांत दिसते. उत्तर आफ्रिकेतून आलेली हजारो मुले यूथ अलियाच्या निवासी शाळांत गेली. १९८४-८५ च्या आणि मे १९९१ च्या हवाई मोहिमांतून इथिओपियाचे ज्यू आले. १९९१ च्या मोहिमेत छत्तीस तासांत १४,००० हून अधिक माणसे उतरवली गेली. त्यांच्या किशोरवयीन मुलांपैकी बहुतेक जण युवाग्रामांत दाखल झाले. अनेकांची नावे आल्याआल्या बदलून हिब्रू ठेवली गेली. बऱ्याच जणांना व्यवसायशिक्षणाच्या वाटेला लावण्यात आले, जिथून विद्यापीठाकडे जाणे अवघड होते. आणि घरी परतल्यावर अम्हारिक बोलणाऱ्या बापाशी काय बोलावे हे पोराला कळेनासे झाले. हेतू वाईट नव्हता. लवकर भाषा शिकावी, लवकर मिसळावे, असाच होता. पण बापाला कुणी विचारले होते का? मुलांना संस्थेत ठेवण्यापेक्षा कुटुंबाला आधार द्यावा, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांनी २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मान्य केले आहे, आणि त्या कसोटीवर पाहता या संस्थांच्या निम्म्या अभिमानगाथा अवघडल्यासारख्या होतात.

यावर संस्थांचे समर्थक म्हणतात की तो काळ वेगळा होता. अंशतः मान्य. पण त्या काळातही वेगळा निवाडा शक्य होता, याचा पुरावा त्यांच्याच इतिहासात आहे. १९४३ च्या फेब्रुवारीत 'तेहरानची मुले' म्हणून ओळखली गेलेली सातशेहून अधिक पोलिश ज्यू मुले पॅलेस्टाइनमधल्या अतलितला पोहोचली. रशियातून इराण आणि, इराकने रस्ता नाकारल्यामुळे, कराचीमार्गे जहाजाने सुएझ असा त्यांचा वळसा होता. बहुतेकांचे आईबाप मेलेले किंवा बेपत्ता. ती उतरण्याआधीच त्यांना धार्मिक शाळांत घालायचे की सेक्युलर किबुत्झांत, यावर पुढारी मंडळींत जुंपली, आणि हा वाद अमेरिकेतल्या देणगीदारांपर्यंत पेटला. झोल्ड यांच्यावर चारी बाजूंनी दडपण होते. शेवटी ठरले ते असे: मुलाच्या घरातले वातावरण कसे होते ते पाहून लहानांची रवानगी करायची, आणि चौदा वर्षांवरच्यांना स्वतःला विचारायचे. कुणाचेच पूर्ण समाधान झाले नाही. तरी माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला तो महत्त्वाचा निर्णय आहे, कारण त्यात निदान एका गटाला, मोठ्या मुलांना, पक्षकार मानले गेले. येमेनच्या आयांना सहा वर्षांनी तेवढेही मिळाले नाही. म्हणजे 'काळ वेगळा होता' हे उत्तर अपुरे पडते. युरोपातून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला मत असते आणि अरब देशातून आलेल्या तीस वर्षांच्या बाईला नसते, असे त्या काळच्या कार्यकर्त्यांनी धरले होते, आणि दोष त्या धरण्यात होता.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये, कारण मराठी बोलणारी माणसेही याच यंत्रणेतून गेली आहेत. भारतातून गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांपैकी काहींनी १९५१-५२ मध्ये भेदभावाविरुद्ध निदर्शने केली आणि भारतात परत पाठवा अशी मागणी केली. त्यांतले काही खरोखर परत आलेही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशशुद्धीच्या चौकशा लावल्या. त्या विरोधात जेरुसलेममध्ये मराठी ज्यू रस्त्यावर उतरले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला ते पूर्णार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा द्यावा लागला. त्याच दशकात मुंबईत ओआरटीचे व्यवसायशिक्षण सुरू झाले, ज्यात अमेरिकी स्त्रियांच्या वर्गणीचा मोठा हातभार असलेले जागतिक जाळे उपयोगी पडले. एकाच समाजाला एकाच वेळी परदेशी दान मिळत होते आणि परदेशी अपमानही. दानामुळे अपमान धुऊन निघाला नाही. तो थांबला तो लोक संघटित होऊन जाब विचारू लागल्यावर. दिमोना, अश्दोद, लोद इथे आज मराठी भजन-कीर्तनाची हौस टिकवून असलेल्या या समाजाला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

परदेशी स्त्रियांच्या पैशाबद्दलची आपली स्वतःची भांडणेही इथे आठवायला हवीत. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणच्या अमेरिकी स्त्रियांनी मंडळे काढून वर्षाला डॉलर दोन डॉलर अशी वर्गणी दहा वर्षे देण्याचे कबूल केले. त्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत पंडिता रमाबाईंचे शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वेळी पालकांना प्रश्न विचारण्याचा हक्क होता, यात शंका नाही. आपल्या मुलीवर कोणते संस्कार होत आहेत हे जाणून घेणे म्हणजे सनातनीपणा नव्हे. पण त्या वादाने दुसरी बाजू झाकली गेली. त्या विधवांना शिकवायला पुण्यातली कुठली तिजोरी उघडी होती? शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती बाया कर्वे झाली आणि तीन वर्षांनी कर्व्यांनी इथल्या माणसांच्या पैशावर स्वतःची संस्था काढली. बोस्टनच्या डॉलरने पुण्याला लाजवले म्हणा किंवा वाट दाखवली म्हणा. पालकांच्या प्रश्नाला खुले उत्तर देणारी व्यवस्था त्या सदनात असती, तर मुली काढून न्याव्या लागल्या नसत्या आणि पैसाही परका ठरला नसता.

या सगळ्यावर हल्लीचा तोडगा म्हणजे सरकारने लगाम घालणे. आपल्याकडे परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली: एका संस्थेने दुसरीला पैसा देण्यास बंदी, प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर, सगळा पैसा दिल्लीतल्या एकाच बँकशाखेतून. पारदर्शकतेच्या नावाने हे झाले, आणि लबाड संस्था नसतातच असे मी म्हणणार नाही. पण या सगळ्या नियमांत शिकणाऱ्या मुलाचे स्थान कुठे आहे? हिशेब आधी देणगीदाराला द्यावा लागत होता, आता मंत्रालयालाही द्यावा लागतो. बसची फी, गणवेश, वसतिगृहातले जेवण याबद्दल ज्याला तक्रार आहे तो चौदा वर्षांचा मुलगा दोन्ही वेळा बाहेरच. उंटावरून शेळ्या हाकणारा बदलला, इतकेच.

याउलट एक नमुना रवांडात आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेल्या अ‍ॅन हेमन या ज्यू स्त्रीने, १९९४ च्या वंशसंहारानंतर पोरक्या झालेल्या मुलांच्या संख्येबद्दल ऐकल्यावर, इस्रायलची युवाग्रामे हा त्यावरचा सरावलेला उपाय आहे हे ओळखले. हैफाजवळच्या येमिन ऑर्ड या युवाग्रामाच्या धर्तीवर रवामागाना जिल्ह्यात अगाहोझो-शालोम हे ग्राम २००८ च्या अखेरीस सुरू झाले. तिथे सुमारे ५०० मुले राहतात. ती लहान लहान 'कुटुंबां'त विभागलेली असतात आणि प्रत्येक घरात एक 'मामा' असते. सुरुवातीच्या काळात यातल्या कित्येक मामांनी स्वतःची मुले-माणसे त्या संहारात गमावलेली होती. भाषा रवांडाची, घर रवांडाच्या बाईचे, अभ्यासक्रम रवांडाचा. ज्यूंकडून गेली ती पद्धत आणि पैसा. जे म्हणतात की हे शिक्षण राष्ट्रवादापासून वेगळे काढताच येत नाही, त्यांनी या ग्रामाचे काय करायचे ते सांगावे. आणि जे म्हणतात की देणाऱ्यांनी फक्त आपल्या लोकांना द्यावे, त्यांनीही. याचे दुबळेपण मला दिसत नाही असे नाही: ५०० मुलांवर जो खर्च होतो त्यात रवांडाच्या साध्या शाळांतली कितीतरी अधिक मुले शिकली असती, आणि संस्थापिकेचे २०१४ मध्ये अपघाती निधन झाल्यावर असे उपक्रम किती काळ तग धरतात याची चिंता रास्तच होती. पण सांभाळणारी बाई त्या मुलांच्याच दुःखातून आलेली असली, की जाब विचारायला अंतर उरत नाही, हे तिथे दिसले.

म्हणून विझो, हदासा किंवा त्यांच्यासारख्या कुठल्याही समाजाच्या स्त्रीसंस्थेला देणगी द्यावी का, असे कुणी विचारले तर मी 'इस्रायलबद्दल तुमचे मत काय' असे विचारणार नाही. मी विचारीन की त्या शाळेच्या नियामक मंडळावर तिथून शिकून गेलेली किती माणसे आहेत, इथिओपियन मुलांचे ग्राम असेल तर इथिओपियन आईबाप किती आहेत, मुलाची फाइल त्याला अठराव्या वर्षी वाचायला मिळते का, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या पाळणाघरात शेजारच्या अरब गल्लीतले मूल दाखल होऊ शकते का. देणगीदारांच्या मेजवान्यांत भाषण करायला आलेला एखादा यशस्वी माजी विद्यार्थी हे याचे उत्तर होत नाही. त्याला बोलावणारे ठरवतात की त्याने काय बोलावे. मंडळात मत असलेला माजी विद्यार्थी मात्र अडचणीचे प्रश्न विचारतो, पैसा कुठल्या कामाला नको हेही सांगतो. शंभर वर्षांपूर्वी पुरुषांच्या संघटनेत आपल्याला नुसते बोलावणे नको, मत हवे, म्हणून याच स्त्रिया बाहेर पडल्या होत्या. तोच हक्क आज त्यांच्या वसतिगृहातली पोरे मागत आहेत, आणि तो नाकारण्यासाठी विझोकडे कुठलाही असा युक्तिवाद नाही जो १९२० मध्ये रिबेका सीफ यांच्याविरुद्ध वापरला गेला नव्हता.